धावपट्टीवरचे अनाहूत पाहुणे

आमच्या सुरतेत विमान आणि म्हैस यांची गोष्ट निघाली की लोक हसतात. ६ नोव्हेंबर २०१४ च्या संध्याकाळी दिल्लीला निघालेले बोइंग ७३७ विमान धावपट्टीवर वेग घेत असतानाच म्हशीवर आदळले. इंजिनाचे नुकसान झाले. प्रवासी सुदैवाने बचावले. वर्गात मी ही गोष्ट गणित म्हणून मांडतो.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ३०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर वेगाच्या विमानावर एक किलोचा पक्षी आदळला, तर सुमारे ३,४५० ज्यूल ऊर्जेचा आघात होतो. हवेचा विरोध सोडला, तर साडेतीनशे मीटरांवरून पडलेल्या तेवढ्याच दगडाचा हा आघात! वेग दुप्पट झाला की तो चौपट. म्हणूनच लढाऊ विमानाला लहानसा पक्षीही भारी पडतो.

याचा प्रत्यय गोव्यात आला. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी दाबोळीहून उडालेले नौदलाचे मिग-२९के पक्ष्यांच्या थव्यात सापडले. डावे इंजिन बंद पडले, उजव्याने पेट घेतला. कॅप्टन एम. शेओखंड व लेफ्टनंट कमांडर दीपक यादव यांनी विमान वस्तीपासून दूर वळवले आणि मगच हवाई छत्रीने उड्या घेतल्या. वेर्णे येथे विमान मोकळ्या जागेत कोसळले.

वैमानिकांनी आपले कर्तव्य केले. आपले काय? विमानतळाजवळ उघड्यावर टाकलेला कचरा घारींना आमंत्रण देतो, आणि तो टाकणारे हात आपलेच असतात.