मुख्य माणूस गेला तर? पिंक फ्लॉइडकडून भागीदारीचे 4 धडे

आजच्या व्हिडिओत जे घाईत राहून गेलं ते इथे सविस्तर लिहितोय.

माझ्या दुकानातून माझा पार्टनर वेगळा झाला तेव्हा आमच्यात लेखी काहीच नव्हतं. "आपल्यात कशाला कागद?" असं म्हणणारा मीच होतो. स्टॉकची वाटणी दोन दिवसांत झाली. पण पाटीवरचं नाव कुणाचं, यावर आठ महिने अबोला होता. म्हणून ही गोष्ट सांगतो.

1965 साली लंडनमध्ये पिंक फ्लॉइड हा बँड उभा राहिला. सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन. हे सायकेडेलिक रॉक वाजवायचे, म्हणजे लांबत जाणारे सूर आणि रंगीत प्रकाशाचे खेळ. नाव बॅरेटने ठेवलेलं आणि 1967 च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणीही त्याचीच.

धडा 1: बदली माणूस आधी तयार करा. एलएसडीचं सेवन आणि ढासळलेली मनःस्थिती, यामुळे बॅरेट स्टेजवर नीट वाजवेनासा झाला. तेव्हा त्याच्याच ओळखीतला डेव्हिड गिल्मोर बँडमध्ये आला. जानेवारी 1968 मध्ये काही कार्यक्रम पाच जणांनी मिळून केले. एक दिवस मात्र कार्यक्रमाला जाताना बॅरेटला न्यायचंच नाही, असं ठरलं. माणूस तयार ठेवला हे बरोबर. पण निर्णय तोंडावर सांगितला नाही, ही चूक आपण करायची नाही.

धडा 2: धंदा एका माणसावर उभा असतोच असं नाही. मॅनेजर जेनर आणि किंग यांना वाटलं, बॅरेट म्हणजेच बँड. ते त्याच्याबरोबर गेले. उरलेल्यांनी पाच वर्षं मेहनत करून 1973 मध्ये 'द डार्क साइड ऑफ द मून' काढला. तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 1988 पर्यंत एकूण 741 आठवडे होता!

धडा 3: मालक आणि पगारदार यातला फरक समजून घ्या. 'द वॉल' या 1979 च्या अल्बमच्या वेळी वॉटर्सशी वाद होऊन राइटला बाहेर पडावं लागलं. पुढच्या कार्यक्रमांत तो पगारावर वाजवायला आला. मंडप, पडदे, प्रचंड भिंत, खर्च इतका की कार्यक्रम तोट्यात गेले. तोटा मालकांनी सोसला आणि राइटला त्याचा पगार मिळाला. फायद्यात वाटा हवा असेल तर तोट्यातही घ्यावा लागतो.

धडा 4: नाव कुणाचं, ते भांडणाआधी लिहा. 1985 मध्ये वॉटर्स बाहेर पडला. आपण गेलो म्हणजे बँड संपला, असं त्याचं म्हणणं. गिल्मोर आणि मेसन म्हणाले, आम्ही चालवणार. प्रकरण कोर्टात गेलं. 1987 च्या डिसेंबरमध्ये तडजोड झाली: नाव या दोघांकडे, 'द वॉल'चे हक्क वॉटर्सकडे. 2024 मध्ये सोनीने बँडच्या रेकॉर्डिंगचे आणि नावाचे हक्क विकत घेतले. बातम्यांनुसार रक्कम सुमारे 40 कोटी डॉलर! नावाची किंमत कळली ना?

अजून एक. बॅरेट गेल्यावरही त्याच्या गाण्यांची रॉयल्टी त्याला मिळत राहावी, याकडे गिल्मोरने लक्ष ठेवलं. वेगळं होणं म्हणजे हिशोब बुडवणं नव्हे.

आजचा गृहपाठ: एक कोरा कागद घ्या आणि पार्टनरसोबत बसून तीन उत्तरं लिहा.

1. उद्या एक जण गेला तर पाटीवरचं नाव कुणाचं?
2. जाणाऱ्याचा हिशोब कसा आणि किती दिवसांत?
3. उधारीची वही कोण सांभाळणार?

मग तो कागद वकिलाकडे नेऊन रीतसर भागीदारी करारनामा करून घ्या. गोडी असते तेव्हाच हे काम होतं. आमचा अबोला शेवटी चहाच्या टपरीवर सुटला. पण ते आठ महिने आणि त्या काळात तुटलेली गिऱ्हाइकं परत आली नाहीत.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, माणसंही सांभाळा!