लाल दिवा लागला की गाडी थांबवा
एस.टी.च्या ड्रायव्हरपुढील दिवे आणि बझर : ऊस वाहतूक करणाऱ्या सभासदांसाठी माहिती



लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला जाणारी एस.टी. आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. कंडक्टरच्या घंटीची भाषा तर शाळकरी पोरालाही कळते. एक टोला पडला की थांबा, दोन पडले की चला. परंतु त्याच गाडीत ड्रायव्हरपुढे आणखी एक घंटी असते आणि तिच्या जोडीला लहान लहान दिवे असतात. ते काय सांगतात, याची माहिती आम्ही या अंकात देत आहोत. गळिताच्या हंगामात आपला ऊस याच रस्त्यांवरून येतो, आणि बसमधले बरेचसे दिवे आपल्या ट्रकवर व ट्रॅक्टरवरही असतात.

रंगांचा अर्थ

लाल म्हणजे धोका. गाडी सुरक्षित जागी घेऊन ताबडतोब थांबवा. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर दाखवून घ्या. हिरवा म्हणजे एखादी वस्तू चालू आहे, जसे इंडिकेटर. निळा म्हणजे हेडलाइट अप्परवर आहे. समोरून गाडी आली की डिपर द्या.

चावी फिरवली की इशाऱ्याचे दिवे आधी लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. चावी फिरवूनही दिवा लागलाच नाही, तर "बरं झालं, काही बिघाड नाही" असे समजू नये. बल्ब तरी गेला असेल किंवा वायर तरी तुटली असेल. असा दिवा वेळेला मुका राहतो.

तेल, चार्जिंग आणि पाणी

तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा तेलाची पातळी दाखवीत नाही, तेलाचे प्रेशर दाखवितो. प्रेशर गेले म्हणजे बेअरिंगवर तेल पोचत नाही आणि लोखंडावर लोखंड घासते. येथे मिनिटांचा हिशेब असतो. इंजिन बंद करावे, गाडी सपाटीवर असावी, थोडे थांबून तेलकाडी पाहावी. तेल पुरेसे असूनही दिवा विझत नसेल तर इंजिन पुन्हा सुरू न करता मिस्त्रीला बोलवावे. दोन लिटर तेलाचे काम क्रँकवर जाते ते इथेच.

बॅटरीच्या चित्राचा दिवा चालू गाडीत लागला तर चार्जिंग बंद पडले आहे. आधी फॅनबेल्ट पाहावा. पुष्कळ इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. पट्टा तुटला असेल तर थोड्याच वेळात इंजिन तापणार, हे ओळखावे.

पाण्याचा काटा लालीत गेला की गाडी बाजूला घ्यावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेड तडकते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी पार गळून गेले तर काटा खालीही दिसू शकतो, कारण त्याचे टोक पाण्यात बुडालेलेच नसते. म्हणून रोज सकाळी, इंजिन गार असताना, डोळ्यांनी पाणी पाहावे.

हवेचा बझर

बसमध्ये सर्वांत महत्त्वाचा हा बझर. मोठ्या बसचा व ट्रकचा ब्रेक पायाच्या जोरावर लागत नाही, टाकीतल्या हवेवर लागतो. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्या भरतो. प्रेशर साधारण ७ ते ८ किलो असते. ते ४-५ किलोच्या आसपास उतरले की लाल दिवा लागतो आणि बझर वाजू लागतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर हाच बझर वाजतो. तो थांबेपर्यंत गाडी हलवायची नसते.

हवा आणखी उतरली तर काय होते? अशा बहुतेक गाड्यांचा पार्किंग ब्रेक जाड स्प्रिंगचा असतो आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाके धरते. गाडी उभी राहते खरी, पण वळणावर की पुलावर, ते तिच्या मर्जीवर. बझर त्याच्या आधी वाजतो तो यासाठीच, की थांबण्याची जागा ड्रायव्हरला निवडता यावी. ती संधी "पुढच्या गावात बघू" म्हणून घालवू नये.

बझर वाजत असताना ब्रेकवर वारंवार पाय मारू नये. प्रत्येक वेळी हवा खर्च होते. खालचा गिअर टाकावा आणि एका दमात गाडी थांबवावी. बालाघाटाचा उतार डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे हा तर जिवाशी खेळ आहे. इंजिनचा अडसर जातो, ब्रेक तापतात, आणि इंजिन मंद फिरत असल्याने कॉम्प्रेसरही हवा कमी भरतो.

नव्या गाड्यांचे नवे दिवे

१ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ गाड्या आल्या. त्यांतील बहुतेक ट्रक-बसगाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत डी.ई.एफ. हे द्रावण लागते. त्याचा पिवळा दिवा लागूनही टाकी भरली नाही, तर गाडी ओढ कमी करते. या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो. हे ऐकून कोणी घरच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवू नये. शेतीच्या युरियावर २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप असतो. त्याने ती सारी यंत्रणा खराब होते व खर्च मोठा येतो.

१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवरची शिवाई सुरू झाली. तिला इंजिनच नाही, म्हणून तेलाचा दिवा नाही. पण लाल म्हणजे थांबा, हा नियम तिलाही तोच आहे.

ट्रॅक्टरवाल्यांनी काय घ्यावे

ट्रॅक्टरवर तेल, पाणी आणि चार्जिंगचे इशारे असतात. हवेचा बझर बहुधा नसतो आणि मागच्या ट्रॉल्यांना पुष्कळदा स्वतःचे ब्रेकही नसतात. तेव्हा बझरचे काम ड्रायव्हरनेच करावयाचे. भरल्या ट्रॉल्या उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरवाव्यात. डेकचा आवाज एवढा नसावा की इंजिनचा बदललेला आवाजही ऐकू येऊ नये. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा गाळपही जोरात असते. यात्रेकरू, एस.टी. आणि उसाच्या ट्रॉल्या एकाच रस्त्यावर असतात. तिथे एकाची चूक दहा जणांना भोवते.

काही जण म्हणतात, "ऊस तोडलेला आहे, थांबलो तर वजन घटतं." तोडलेला ऊस २४ तासांत गाळला जावा हे खरेच. परंतु लाल दिव्यावर अर्धा तास थांबल्याने उसाचे फारसे बिघडत नाही. इंजिन बसले तर तीच ट्रॉली दोन दिवस रस्त्यात उभी राहते. ऊस वाळतो, दुरुस्तीचा खर्च डोक्यावर बसतो आणि अंधारात मागून येणाऱ्याच्या जिवाला धोका होतो तो वेगळाच.

बझरची वायर काढून टाकणे किंवा दिव्यावर चिकटपट्टी लावणे हा इलाज नव्हे. राखण करणारा कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधले, तरी चोर जात नाही.

तरी वाहतूकदार सभासदांनी रोज सकाळी पुढील चार गोष्टी पाहूनच गाडी बाहेर काढावी, अशी आमची विनंती आहे.

१. चावी फिरवताच सर्व दिवे लागतात काय व इंजिन सुरू होताच विझतात काय.
२. तेल, पाणी व फॅनबेल्ट ठीक आहे काय.
३. हवेच्या ब्रेकची गाडी असल्यास बझर थांबून प्रेशर पूर्ण भरले काय. टाकीत साचणारे पाणी दिवसाचे काम संपल्यावर सोडावे.
४. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आहेत काय व ते धुळीने झाकले तर नाहीत ना.

गाडी दुसऱ्याच्या हाती देत असाल तर त्यालाही हे समजावून सांगावे. "लाल दिवा लागला तर थांब, उशीर झाला तरी मी बोलणार नाही," असे मालकाने एकदा स्पष्ट सांगितले, तर ड्रायव्हर थांबतो. मालकाच्या बोलण्याच्या भीतीनेच पुष्कळ गाड्या लाल दिव्यावर पुढे हाकल्या जातात.