बुडाकडून मानेकडे : वाइल्डकॅट काडतूस ओळखण्याची कृती

जुन्या पुंगळीवर शिक्का .३०३ चा, पण तोंड इतके अरुंद की .३०३ ची गोळी आत जाणार नाही. असे दिसले की ती बहुधा वाइल्डकॅट समजावी. तयार पुंगळीची मान आवळून किंवा खांदा पुढे सरकवून बंदूक-कारागिराने घडवलेले, कारखान्याच्या यादीत नसलेले काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. काहींना पुढे कारखान्यांनी आपले म्हटले. .२५-०६ कित्येक दशके वाइल्डकॅट होते. रेमिंग्टनने ते १९६९ मध्ये बाजारात आणले. बाकीची बहुतेक विस्मरणात गेली.

कारागीर मान, खांदा, लांबी हवी तशी बदलतो. बुडाला मात्र सहसा हात लावत नाही. म्हणून ओळख बुडाकडून सुरू करावी.

साहित्य : ०.०२ मिमीपर्यंत मोजणारा व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग, छोटी विजेरी, कॅमेरा, कोनमापक, वही.

दक्षता : ही कृती रिकाम्या पुंगळीसाठी आहे. भारतात जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे. वाड्याच्या माळ्यावर सापडले तर ते खोलू नये, घासू नये; पोलीस ठाण्याला कळवावे.

कृती

१. शिक्का वाचा. बूड तिरप्या उजेडात धरून भिंगातून पाहा. ‘एफए’ म्हणजे अमेरिकेतील फ्रँकफर्ड आर्सेनल, ‘केएफ’ म्हणजे आपल्या पुण्याची खडकी. लष्करी पुंगळीवर बहुधा सालाचे शेवटचे दोन आकडेही असतात. हे सारे मूळ पुंगळीबद्दल. कारागिराने नवा घाट दिला तो या सालानंतर कधीतरी, एवढेच त्यावरून ठरते.

२. बूड मोजा. कडेचा व्यास आणि कडेच्या लगेच वरचा व्यास घ्या. .३०३ ची कडा सुमारे १३.७ मिमी आणि वरचा भाग ११.७ मिमी असतो. .३०-०६ ला बाहेर आलेली कडा नाही, खाच आहे. तिथे कडा १२ मिमी. मात्र .३०८ ची कडाही तेवढीच असते. म्हणून एका मापावर निकाल देऊ नये.

३. आत डोकवा. विजेरीच्या उजेडात बुडाशी एकच मधले छिद्र दिसले तर टोपी (प्रायमर) बॉक्सर पद्धतीची. दोन बारीक छिद्रे असली तर बहुधा बर्डन. बॉक्सर टोपी काढणे सोपे, म्हणून हौशी कारागिरांची पसंती तिला असे.

४. लांबी, खांदा, मान मोजा. एकूण लांबी, बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर, खांद्याचा व्यास आणि मानेचा बाहेरचा व्यास, प्रत्येक माप तीनदा घ्या. .३०-०६ ची लांबी ६३.३५ मिमी. तुमची पुंगळी त्याहून थोडी कमी भरली तरी बिचकू नका; तोंड कापून सरळ केलेले असते.

५. खांद्याचा कोन काढा. खांद्याच्या व्यासातून मानेचा व्यास वजा करा, निम्मा करा, खांद्याच्या उताराच्या, पुंगळीच्या अक्षाला समांतर मोजलेल्या लांबीने भागा. समजा खांदा ११.५, मान ७.३ आणि उतार २.५ मिमी. ४.२ चे निम्मे २.१, भागाकार ०.८४. हा ४० अंशांचा स्पर्शक. मूळ .३०-०६ चा खांदा साडेसतरा अंशांचा. ४० अंश आणि जवळजवळ सरळ अंग दिसले की यूटाचे पी. ओ. ॲक्ली यांच्या ‘इम्प्रूव्हड’ घराण्याचा संशय घ्यावा. बाजूने काढलेल्या फोटोवर कोनमापक ठेवून ताळा पाहा.

६. गोळीचा व्यास अंदाजा. झाडलेल्या पुंगळीची मान किंचित फुगलेली असते, म्हणून आतला व्यास गोळीपेक्षा थोडा जास्त येतो. .३०३ चे बूड आणि सुमारे ६.५ मिमीची गोळी असा जोड जमला तर ऑस्ट्रेलियाकडे वळा. न्यू साउथ वेल्समध्ये लष्करी कॅलिबरवर निर्बंध होते. तेव्हा .३०३ ची मान आवळून .३०३-२५ निघाले. तसाच निर्बंध इंग्रजी अमलात इथेही होता. इथल्या शिकाऱ्यांना .३१५ मिळाले, पण ते कारखान्याचे काडतूस, वाइल्डकॅट नव्हे. त्याची कडा १४ मिमीच्या आसपास आणि पुंगळी ५० मिमीच्या घरात, .३०३ पेक्षा आखूड.

७. खुणा पाहा. खांद्याजवळ पुसट कडे दिसले तर जुना खांदा तिथे होता असे समजावे. मानेवरचा निळसर-तपकिरी डाग ताव दिल्याचा असतो. लष्करी पुंगळीवर तो मुळातच असू शकतो, म्हणून त्याला एकट्याने पुरावा मानू नये.

८. बाहेरचा पुरावा जोडा. रायफल उपलब्ध असेल तर नळीवरचे नाव, आणि सोबत आवळण्याचे साचे असतील तर त्यांवरचे नाव वाचा. नावे जुनी असू शकतात : .२२-२५० हे आधी ‘.२२ व्हार्मिंटर’ म्हणून चाले. नळीवर काहीच नसेल तर जाणत्या बंदूक-कारागिराकडून कक्षेचा, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या पोकळीचा, ठसा घ्यावा. मग मापे फ्रँक बार्न्स यांच्या ‘कार्ट्रिजेस ऑफ द वर्ल्ड’शी आणि ॲक्लींच्या १९६२ च्या हँडबुकशी पडताळा.

९. नोंद करा. तीन ओळी वेगळ्या लिहा : मूळ पुंगळी, गोळीचा व्यास, नाव. प्रत्येकीपुढे ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘शक्य’. पहिल्या दोन ‘नक्की’ आणि तिसरी ‘शक्य’ निघाली तरी काम झाले. एकाच मापाची वाइल्डकॅट दोन कारागिरांनी दोन नावांनी काढलेली असते. आणि ओळख पटली म्हणून त्या नळीत काडतूस भरू नये. कक्षेचा ठसा जुळल्याशिवाय नाव कितीही खरे असले तरी त्यावर जीव टांगू नये.