जुन्या मोटारीस नवी ठिणगी

अँबॅसडर मोटारीचे उत्पादन 2014 साली थांबले. पेडणे-डिचोलीच्या रस्त्यावर एखादी जुनी पेट्रोल अँबॅसडर दिसली, की ती चालती कशी ठेवावी, हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

इंजिनातील मिश्रण ठिणगीने पेटते. बॅटरीचा दाब अवघा 12 व्होल्ट. परंतु कॉइलमधील प्रवाह एकाएकी तोडला, की तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उत्पन्न होतात. प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट करतात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास 3000 फेरे घेत असता ते सेकंदास 100 वेळा उघडतात. साहजिकच ते जळतात, झिजतात आणि ठिणगीची वेळ चुकते.

यावर उपाय म्हणून पॉइंटांच्या जागी चुंबकाचे कडे व संवेदक बसवितात. चुंबक जवळून जाताच संवेदक सूचना देतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. एडविन हॉल यांनी 1879 साली शोधलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. घासणारे पॉइंटच नसल्याने ती झीजही टळते.

तथापि ठिणगी किती आधी पडावी, हे डिस्ट्रिब्यूटरमधील वजने व स्प्रिंगाच ठरवितात. त्या सैल असतील, अथवा पावसाळ्यात टोपणात ओल शिरली असेल, तर नवा संच निरुपयोगी ठरतो. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. ते न पाहता जोडणी केल्यास संच जळतो. संच वाटेत दुरुस्त होत नाही, म्हणून जुने पॉइंट व कंडेन्सर गाडीतच जपावेत.

नवे स्वीकारताना जुन्याची रचना आपण आधी समजून घेतली पाहिजे.