पंजे घ्यावेत की कवच?

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. सुट्टीत मी आणि माझी धाकटी बहीण लॅपटॉपवर एक ॲक्शन रोगलाईक गेम खेळतो. सुरुवातीला आपण इवलासा जीव असतो. मारत-खात वाढायचं. दर लेव्हलला तीन पर्याय येतात : पंजे, कवच, विष, जास्तीचे पाय, पंख वगैरे. त्यातला एक निवडला की प्राणी तसा उत्क्रांत होतो. मी दरवेळी सगळ्यात जास्त डॅमेजचा पर्याय घेतो, तरी तिसऱ्या बॉसपाशी मरतो. बहीण आठवीत आहे. ती कवच, वाढीव आयुष्य असलं काहीबाही घेते आणि चौथ्या बॉसपर्यंत जाते. तिचं नशीब चांगलं आहे का? आणि खरी उत्क्रांतीही अशीच चालते का? बलवान तोच टिकतो ना?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नशीब एखाद्या डावात साथ देतं, रोज देत नाही. तू ‘दरवेळी’ डॅमेज घेतोस आणि तिसऱ्याच बॉसपाशी मरतोस, म्हणजे कारण तुझ्या निवडीत आहे. ही चांगली बातमी आहे, कारण निवड बदलता येते.

ज्यांनी असे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ‘रोगलाईक’चा आजाराशी संबंध नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला. त्यातलं भुयार दर डावाला नव्याने रचलं जायचं, आणि मेलात की सगळं गेलं, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. त्या वळणावर गेलेले खेळ ते रोगलाईक. पाठांतर करून ते जिंकता येत नाहीत, कारण पुढच्या वेळी नकाशा आणि मिळणाऱ्या वस्तू वेगळ्या असतात. हातात जे पडेल त्यातून काहीतरी उभं करावं लागतं. आणि बॉस म्हणजे टप्प्याच्या शेवटी वाट अडवणारा मोठा शत्रू.

आता तुझ्या बहिणीचं ‘काहीबाही’ नीट पाहू. अशा बऱ्याच खेळांत कवच प्रत्येक फटक्यातून ठरावीक आकडा वजा करतं. समज, झुंडीतला एक किडा ५ चा फटका मारतो आणि तुझं कवच ३ चं आहे. अंगाला लागतात फक्त २. मार ६० टक्क्यांनी कमी झाला. तेच कवच घेऊन ३० चा फटका मारणाऱ्या बॉससमोर गेलास तर २७ लागतात, फायदा जेमतेम १० टक्के. म्हणजे कवच झुंडीसाठी, वाढीव आयुष्य बॉससाठी. बहीण कवचामुळे झुंडीतून जवळपास पूर्ण आयुष्य शिल्लक ठेवून बाहेर पडते आणि वाढवलेलं आयुष्य बॉसपुढे वापरते. तू बॉसपाशी पोचतोस तेव्हा तुझं आयुष्य किती उरलेलं असतं? पुढच्या डावात तेवढं बघून ठेव. माझा अंदाज आहे, निम्म्याहून कमी.

कवच टक्केवारीने चालतं की वजाबाकीने, हे खेळागणिक बदलतं. पर्यायाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचायची सवय लाव. बहुतेक जण ती वाचत नाहीत, आणि सगळं गणित तिथेच असतं.

तुझ्या डॅमेजचंही गणित चुकतंय. ‘डॅमेज २० टक्के जास्त’ हा पर्याय तू सहा वेळा घेतलास तर बहुतेक खेळांत ते टक्के एकमेकांत मिळवले जातात : १२० टक्के वाढ, म्हणजे मूळच्या २.२ पट. तेच सहा पर्याय दोन-दोन करून डॅमेज, हल्ल्याचा वेग आणि एका वेळी फेकले जाणारे काटे यांत वाटलेस, तर तिन्ही गोष्टी प्रत्येकी १.४ पट होतात आणि त्यांचा गुणाकार होतो : १.४ × १.४ × १.४, म्हणजे सुमारे २.७४ पट. तेवढ्याच लेव्हल खर्च करून पावपट ताकद जास्त मिळाली. बेरीज कुठे होते आणि गुणाकार कुठे होतो, हे ओळखणं हा या खेळांतला अर्धा अभ्यास आहे.

उरलेला अर्धा अभ्यास मला जास्त आवडतो. आज निरुपयोगी दिसणारी गोष्ट उद्याचं दार उघडते का, हे बघायचं.

नावानिशी उदाहरण द्यायला ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ घेते. लुका गलांते या इटालियन माणसाने बनवलेला हा खेळ २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात चाबूक हे अगदी पहिलं शस्त्र. तो आठव्या पातळीपर्यंत वाढवला तरी चाबूकच राहतो. पण सोबत ‘हॉलो हार्ट’ नावाची वस्तू असेल, आणि दहा मिनिटं उलटून गेल्यावर बॉसकडून पडलेली पेटी उघडलीस, तर त्याचं ‘ब्लडी टिअर’ होतं. मग तो शत्रूला मारता मारता तुझं आयुष्यही भरून काढतो. आता ‘हॉलो हार्ट’ करते काय? फक्त कमाल आयुष्य वाढवते. डॅमेजमध्ये तिने काडीची भर पडत नाही, म्हणून तुझ्यासारखा खेळाडू ती कधीच उचलणार नाही, आणि वीस मिनिटं चाबूक फिरवत बसेल. लसणाला ‘पुमारोला’ लागतो, जादूच्या कांडीला ‘एम्प्टी टोम’ लागतो. शस्त्रांना जागा सहा, पूरक वस्तूंना सहा. एक जागा चुकीच्या वस्तूने भरली की एक दार बंद.

हे खेळवाल्यांनी डोक्यातून काढलंय असं वाटेल. निसर्गातही याच्या अगदी जवळ जाणारं घडतं, आणि ते प्रयोगशाळेत दिसलं आहे. रिचर्ड लेन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने २४ फेब्रुवारी १९८८ रोजी ई. कोलाय जिवाणूंच्या १२ एकसारख्या कुप्या सुरू केल्या. रोज थोडे जिवाणू नव्या कुपीत टाकायचे, खायला जेमतेम ग्लुकोज द्यायचं आणि दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. द्रवात सायट्रेटही होतं. पण ऑक्सिजन असताना हे जिवाणू ते खाऊ शकत नाहीत. सुमारे ३१,५०० पिढ्या झाल्यावर बारापैकी एका कुपीतले जिवाणू सायट्रेट खायला लागले. मग झॅकरी ब्लाउंट आणि सहकाऱ्यांनी त्याच कुपीचे जुने गोठवलेले नमुने काढले आणि वेगवेगळ्या टप्प्यांवरून डाव पुन्हा खेळून पाहिला. सायट्रेट खाण्याची युक्ती पुन्हा साधली ती २०,००० व्या पिढीनंतरच्या नमुन्यांनाच. त्याआधीच्यांना साधली नाही. म्हणजे मोठा बदल दिसायच्या कितीतरी आधी, कुणाच्या लक्षात न येता, काहीतरी पूर्वतयारी होऊन गेली होती. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर त्याच विचारात होते.

तर तुझ्या खेळात पहिल्या दोन-तीन बॉसपर्यंत प्रत्येक पर्यायाला हा प्रश्न विचार : हा आज किती मारतो ते सोड, तो पुढे कशाला जोडला जातो? बहुतेक खेळांत एखाद्या अवयवाला दुसऱ्याची जोड मिळाली की तिसरंच काही तयार होतं. त्या जोड्या एका वहीत लिहून काढ. दोन-तीनच जोड्या ठरव आणि बाकीचे पर्याय समोरून हटवायची सोय असेल तर ती सुरुवातीलाच वापर. हिशेब सोपा आहे. बारा पर्यायांतून तीन समोर येत असतील, सगळ्यांची शक्यता सारखी असेल, तर हवा तो दिसण्याची शक्यता २५ टक्के. नको असलेले चार काढून टाकलेस की आठांतून तीन, म्हणजे साडेसदतीस टक्के. ज्याला तू बहिणीचं नशीब म्हणतोस, त्यातलं थोडं असं वाढवता येतं.

पण किती जोखीम घ्यायची? इथे मला बागलाण आठवतं. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग. आमच्याकडे छाटणी पाऊस सरल्यावर. बागलाणात, सटाण्याकडे, कित्येक शेतकरी पाऊस चालू असतानाच अर्ली छाटणी घेतात, कारण बाजारात कुणाचाच माल नसताना त्यांचा माल येतो आणि भाव चढा मिळतो. साधलं तर सोनं. आणि २०१९ सारखं साल आलं, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाऊस हटलाच नाही, तर फुलोऱ्यातले घड कुजतात, डाउनी हा बुरशीचा रोग पानांवरून घडांत उतरतो आणि वर्षाचा खर्च मातीत जातो. त्यांना अविचारी म्हणणं अन्याय होईल. ते जोखीम ओळखून खेळतात, आणि जाणते लोक सगळी बाग अर्ली धरत नाहीत, एखादा प्लॉट धरतात. तुझा सगळा डॅमेजवाला प्राणी म्हणजे सगळीच्या सगळी बाग अर्ली. आभाळ कोरडं असेतो तुझ्याइतकं वेगाने कुणी पुढे जात नाही.

मी माझ्या लेव्हल अशा वाटून घेते : पहिल्या बॉसपर्यंत एकदम अनेकांना लागेल असा हल्ला आणि पायांचा वेग. झुंड लवकर मरते, वेचणं वाढतं, लेव्हल भरभर चढतात, आणि हा सुरुवातीचा नफा पुढे सारखा कामी येतो. दुसऱ्या बॉसपर्यंत ठरवलेली जोडी पूर्ण करायची आणि एक-दोन घास कवचाचे. तिसऱ्याच्या आधी मात्र हात आखडून वाढीव आयुष्य घ्यायचं, समोर कितीही देखणा पंजा आला तरी. गर्दीत उभं राहून मारायचं नाही. मोठा गोल घालत पळायचं म्हणजे शत्रू मागे एका शेपटात गोळा होतात आणि एकाच फटक्यात सापडतात. बॉस समोर आला की पहिलं अर्धं मिनिट हल्ला करूच नकोस. त्याच्या फटक्यांचा ताल मोज, कोणत्या फटक्याआधी तो थबकतो ते बघ. हे अर्धं मिनिट वाया गेल्यासारखं वाटतं, पण तू त्याच्याकडे अजून कधी नीट पाहिलेलंच नाहीस असा मला संशय आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न. ‘बळी तो कान पिळी’ म्हणजे डार्विन, हा समज फार पसरलेला आहे आणि तो मला खरंच खटकतो. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द मुळात डार्विनचे नव्हेत. हर्बर्ट स्पेन्सरने ते १८६४ मध्ये वापरले, आणि डार्विनने आपल्या ग्रंथात घेतले ते १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत. त्यातला ‘फिटेस्ट’ म्हणजे दंड फुगवणारा नव्हे, त्या जागी, त्या वेळी नीट बसणारा.

याचा एक सुंदर नमुना तुझ्या शहराच्या नावाचा भाऊबंद आहे. २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या एका जांभळ्या बेडकाला नाव दिलं : नासिकाबट्रॅकस सह्याद्रेन्सिस. त्यातली नासिका नाशिकमधली नव्हे, नाक या अर्थाची. पण शूर्पणखेच्या कथेमुळे आपल्या शहराचं नावही नाकाशीच जोडलं जातं. हा बेडूक फुगीर, आखूड पायांचा, टोकदार नाकाचा. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढतो, वाळवी खातो आणि पहिल्या पावसात काही दिवसांपुरता वर येतो. पंजे नाहीत, वेग नाही. त्याच्या कुळाचे सगळ्यात जवळचे नातलग राहतात समुद्रापार सेशेल्स बेटांवर, आणि दोघांच्या वाटा डायनासोरांच्या काळातच वेगळ्या झाल्या. तुझ्या खेळातल्या क्रमवारीत तो तळाला गेला असता.

खेळात आणि निसर्गात एक मोठा फरक मात्र आहे, तो परीक्षेत विसरू नकोस. खेळात निवड तू करतोस, आणि तुझ्याच आयुष्यात तुला पंख फुटतात. निसर्गात एकटा प्राणी उत्क्रांत होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळे जीव जन्मतात, काहींची संतती जास्त उरते, आणि बदल होतो तो अख्ख्या समूहात. तुझा खेळ त्यापेक्षा द्राक्षबागेला जवळचा आहे. तासगावची तास-ए-गणेश आणि सोलापूरची सोनाका या दोन्ही जाती थॉमसन सीडलेसमधूनच निघाल्या. बागेत फिरणाऱ्या शेतकऱ्याला वेगळ्या लांब मण्यांची काडी दिसली, त्याने ती बाजूला काढली, कलमं बांधली. बदल आपोआप झाला, निवड माणसाने केली.

आणि तोच शेतकरी नकळत उलटी निवडही करतो. डाउनीवर एकाच गटातलं बुरशीनाशक लागोपाठ मारलं की मरायची ती बुरशी मरते आणि दाद न देणारी उरते, पुढच्या हंगामात तीच पसरते. म्हणून औषधाचे गट आलटून पालटून वापरायला सांगतात. बुरशी अशी बदलत जाते, पण तुझा तिसरा बॉस बिचारा दर डावाला तोच असतो, तेच फटके मारतो. त्यामुळे आज संध्याकाळी लॅपटॉप उघडलास की एक डाव फक्त त्याला बघण्यासाठी खेळ, आणि बहिणीला शेजारी बसवून फटके मोजायला सांग.