मेदाचे इंधन

रमजानच्या दिवसांत बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या परिसरात, रोजा ठेवलेला हमाल सूर्यास्तापर्यंत अन्नपाण्यावाचून ओझी वाहतो. त्याला शक्ती कोठून मिळते? प्रथम यकृतात साठविलेले सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन खर्ची पडू लागते. उपवास लांबला, की रक्तातील इन्सुलिन उतरते, मेदपेशींतून मेदाम्ले सुटतात आणि स्नायूंतील तंतुकणिकांत, म्हणजे पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत, त्यांचे ज्वलन होते. एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिष्टमय पदार्थांपासून केवळ ४. नियमित श्रमाने तंतुकणिका वाढतात व ही क्षमता बळावते. मात्र रात्री गरजेहून अधिक खाल्ल्यास मेद पुन्हा साठतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून उपवास करू नये. त्याच्या रक्तातील साखर प्राणघातक पातळीपर्यंत उतरू शकते.