ओट्याचं कोरडं टोक

चि. भाचीस,


नागपूरच्या तुझ्या नव्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचा नकाशा नीट पाहिला. ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज, ट्रॉल्या सगळं विचार करून मांडलं आहे. मन अडलं ते एकाच ठिकाणी. शेगडी आणि सिंक यांच्यामधल्या दोन-अडीच फुटांत, ग्रॅनाइटखाली वायरलेस चार्जर दडवायचा, म्हणजे वरून काहीच दिसणार नाही, असा तुमच्या इंटिरियरवाल्याचा बेत आहे. स्वयंपाकघरात चार्जिंगला ठरलेली जागा असावी, हे मला पटतं. ती वायरलेस असावी, हेही पटतं. पण ती त्या ठिकाणी नको, आणि दगडाखाली तर नकोच. ओट्याचं जे टोक सर्वांत कोरडं आणि आगीपासून सर्वांत लांब, तिथेच ती हवी. कारणं जरा सविस्तर लिहिते, म्हणजे त्याच्याशी बोलताना ती तुझ्या हाताशी असतील.

आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूला जागा असते. पिण्याच्या पाण्याची जागा वेगळी, मिसळणाचा डबा शेगडीजवळ, सांडशी अंधारातही हाताला लागेल अशी. या जागा कोणी शोभेसाठी ठरवल्या नाहीत. आग, पाणी आणि हाताची सवय यांतून त्या ठरत गेल्या. मोबाइल मात्र स्वयंपाकघरात आला तो जागा न मागता. म्हणून तो फ्रिजवर, मायक्रोवेव्हवर, नाहीतर मिक्सरचा प्लग काढून त्याच बोर्डावर लोंबत चार्ज होत असतो. यातली एकही जागा त्याच्या सोयीची नाही. बऱ्याच फ्रिजच्या बाजू आणि पाठ गरम असतात, कारण आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. मायक्रोवेव्हच्या झरोक्यांतूनही गरम हवा येते. आणि मिक्सरचा बोर्ड म्हणजे ओट्यावरची सर्वांत ओली, सर्वांत पिठाळ जागा. तू म्हणशील, मग फोन स्वयंपाकघरात नेऊच नये, हॉलमध्ये ठेवावा. उपाय सोपा आहे, पण टिकणारा नाही. सिलिंडर आला की कोड सांगावा लागतो, दूधवाल्याला यूपीआयने पैसे द्यायचे असतात, कृती बघायची असते, आईचा फोन नेमका पोळ्या लाटतानाच येतो. फोन आत येणारच, आणि त्याला जागा दिली नाही तर तो स्वतःची जागा शोधेल, बहुधा चुकीची.

आता दगडाखाली का नको ते. त्यासाठी ही यंत्रणा चालते कशी, हे थोडं समजून घ्यावं लागेल. 1831 मध्ये मायकेल फॅरेडेने दाखवून दिलं की एका कॉइलभोवतीचं चुंबकी क्षेत्र बदलत राहिलं की शेजारच्या, न जोडलेल्या कॉइलमध्येही वीज निर्माण होते. चार्जरमध्ये एक कॉइल, फोनच्या पाठीत दुसरी. सगळा खेळ एवढाच. वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर आणि फोन एकमेकांना चालावेत म्हणून वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही संस्था 2008 मध्ये स्थापन झाली. तिने ठरवलेल्या मानकाचं नाव ‘ची’. प्राणशक्ती या अर्थाच्या चिनी शब्दावरून ते घेतलं आहे. सुरुवातीला 5 वॅट, आणि 2023 मध्ये आलेल्या ‘ची टू’मध्ये चुंबकाने फोन नेमका जागेवर बसवून 15 वॅट. पण हे सगळं गृहीत धरतं की दोन कॉइलमध्ये अंतर आहे ते काही मिलिमीटरचं, आणि त्या समोरासमोर आहेत. ओट्याचा ग्रॅनाइट साधारण 18 ते 20 मिलिमीटर जाड असतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी तो कडाप्प्यावर बसवतात, म्हणजे जाडी जवळजवळ दुप्पट. जाड पृष्ठभागाआडून चालणारे म्हणून विकले जाणारे चार्जर आहेत, हे खरं. पण अंतर वाढलं की क्षेत्र पसरतं, फोनपर्यंत कमी पोचतं आणि उरलेलं उष्णतेत जातं. शिवाय खालची कॉइल नेमकी कुठे आहे, ते दगडावरून दिसत नाही. फोन बोटभर इकडेतिकडे झाला की चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, आणि ते कळतं घराबाहेर पडताना.

याहून महत्त्वाची गोष्ट स्टीलची. इंडक्शन शेगडी चालते ती याच तत्त्वावर. तिथे दोन हजार वॅट मुद्दाम भांड्याच्या बुडात ओतले जातात, म्हणून भांडं तापतं आणि शेगडीची काच त्या मानाने गार राहते. चार्जरची ताकद शंभर-दोनशे पटींनी कमी आहे, पण धातू दिसला की त्याला तापवायचं, हा स्वभाव तोच. चांगला चार्जर मोकळा असताना पूर्ण वीज सोडत नाही. तो अधूनमधून हलका इशारा देतो आणि समोरून फोनचं उत्तर आलं तरच कामाला लागतो. मधेच परका धातू आला तर पाठवलेली आणि पोचलेली वीज यांचा हिशेब जुळत नाही, त्यावरून ते ओळखून तो थांबतो. पण पाठवलेल्यातली बरीच वीज वाटेतच हरवत असेल, तर तो हिशेब ढोबळ होतो. दगडाआडून नेमकं हेच होतं. आणि आपल्या ओट्यावर धातूला तोटा कधी असतो? चमचा, वाटीवरचं झाकण, किल्ली, नाणं, पोळ्यांची फॉइल. फोन आणि पॅड यांच्यामध्ये फॉइलचा चुरगळलेला तुकडा अडकला तर तो सहज दिसतही नाही. त्यातून तुझ्या नकाशातली जागा म्हणजे शेगडीवरून कुकर उतरवून ठेवायची जागा. शिट्टी झालेला कुकर डाव्या हाताने उचलून माणूस तिथेच टेकवणार. हात तिथेच जातो. तिथे त्या वेळी फोन असेल तर फोनचं नुकसान, नसेल तर दगडाखालच्या चार्जरला फुकटची धग.

म्हणून माझं सांगणं असं की आडवं पॅड घेऊच नको, तिरकं उभं स्टँड घे. यामागचं कारण तुला साधं वाटेल, पण मला तेच सर्वांत भक्कम वाटतं: स्वयंपाकघरात सपाट जागा रिकामी राहत नाही. आडव्या पॅडवर आज फोन, उद्या लिंबू, परवा तुपाची वाटी. उभ्या स्टँडवर कोणी वाटी ठेवू शकत नाही. पाण्याचा थेंब उडाला तर तो घसरून खाली जातो, साचत नाही. फोनच्या पुढून-मागून हवा खेळते. आणि कृती वाचायला फोन हातात घ्यावा लागत नाही, म्हणजे पिठाचा हात त्याला लागत नाही. चुंबकाचं, ‘ची टू’ मानकाचं स्टँड मिळालं तर उत्तम, कारण कॉइल आपसूक समोरासमोर येतात. मात्र फोनच्या कव्हरला धातूची पट्टी किंवा बोटात अडकवायची रिंग असेल, तर ती आधी काढायला हवी.

उष्णतेचा मुद्दा नागपूरसाठी वेगळा लिहिते. वायरलेसमध्ये वीज वाया जाते, म्हणून ते नकोच, असं म्हणणारे भेटतील. हिशेब करून बघ. चार हजार मिलिअॅम्पिअरची बॅटरी म्हणजे सुमारे 15 वॅट-तास. वायरने 85 टक्के आणि वायरलेसने 70 टक्के वीज बॅटरीत पोचते असं धरलं, तर एका पूर्ण चार्जिंगला फरक पडतो तो चारएक वॅट-तासांचा. रोज एकदा चार्ज केलं तरी वर्षाकाठी दीड युनिटही जास्त होत नाही. बिलाची चिंता करू नको. चिंता आहे ती ही वाया गेलेली वीज जाते कुठे याची. तिच्यातली बरीच फोनच्या पाठीत उष्णता होऊन राहते, आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेने घटतं. फोनच्या कंपन्या साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा असं सांगतात. तुझ्याकडे मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या आसपास जातो, आणि दुपारी फोडणी घालताना ओट्यापाशी काय होत असेल ते तुला मी सांगायला नको. तेव्हा उन्हाळ्यात सकाळी लवकर, शेगडी पेटायच्या आधी फोन स्टँडवर लाव. फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग मंद करतो. स्टँड बिघडलं असा त्याचा अर्थ घेऊ नको, फोन उचल आणि गार जागी ठेव. रात्रभर मात्र स्वयंपाकघरात चार्जिंग नको. तिथे रात्री कोणी नसतं, आणि काही बिघडलं तर कळायलाही उशीर होतो.

मग एवढं सगळं असताना वायरलेस कशासाठी, साधी वायर का नाही? हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. वायर स्वस्त, जलद आणि कमी तापणारी. वायरलेसची बाजू मी घेते ती एकाच कारणाने, आणि ते कारण स्वयंपाकघराचंच आहे: हात ओले असतात. कणीक मळताना फोन वाजला की हात पदराला पुसून आपण तो उचलतो आणि तसाच परत पिनेला लावतो. फोनच्या त्या बारीक भोकात ओल, मीठ, पिठाचा कण जातो; आत वीज चालू असताना ओल राहिली की पिना गंजत जातात. वायरलेसमध्ये त्या भोकात पिन घालावीच लागत नाही. पण यातून कोणी समजू नये की धोका संपला. फोनकडच्या टोकाला 5 ते 20 व्होल्ट असतात, त्याने माणसाला काही होत नाही. 230 व्होल्ट आहेत ते अॅडॉप्टरमागे, भिंतीच्या बोर्डात, आणि स्टँड वायरलेस असलं तरी अॅडॉप्टरला वायर ही असतेच. म्हणून खरी काळजी घ्यायची ती त्या अॅडॉप्टरची. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. स्टँड जेवढे वॅट मागतं तेवढे देणारा तो हवा. त्याला बंद ट्रॉलीत कोंडू नको: तिथे हवा नसते, ऊब असते, आणि त्या उबेला झुरळं येतात. एक्स्टेंशन बोर्ड ओट्यावर कधीच नको. वायर बोर्डाकडे जाताना आधी थोडी खाली लोंबून मग वर जाऊ दे. वायरवरून ओघळणारं पाणी त्या लोंबत्या वाकापाशी गळून पडतं, बोर्डात शिरत नाही. आणि घराच्या मुख्य बोर्डात 30 मिलिअॅम्पिअरचं आरसीसीबी आहे ना, ते वायरमनला स्पष्ट विचार. एमसीबी असणं पुरेसं नाही. एमसीबी वायरिंगला वाचवतं, शॉक लागलेल्या माणसाला वाचवणारं आरसीसीबी वेगळं.

गॅसचं एक. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साठतो. म्हणून चार्जिंगचा बोर्ड सिलिंडरच्या कप्प्यात किंवा ओट्याखाली नसावा. पुढेमागे पाइपचा गॅस आला तर तो हवेपेक्षा हलका, वर जाणारा. म्हणजे बोर्ड कितीही उंचीवर असला तरी नियम एकच पाळायचा: वास आला की चार्जरचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, प्लग ओढायचा नाही. ठिणगी दोन्हींत पडते. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि फोन करायचा तो घराबाहेर जाऊन.

तुझ्या सासूबाईंना किंवा येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणाला पेसमेकर असेल तर आणखी एक जपायचं. चुंबक असलेला चार्जर चालू असताना छातीपासून फुटाहून जास्त लांब हवा. उभं स्टँड डोळ्यांसमोर यावं म्हणून आपण त्याला छातीच्या उंचीवर ठेवतो, आणि भांडी लावताना माणूस नेमका त्यावर ओणवतो. अशा घरात स्टँड भिंतीलगत सारावं, किंवा सरळ वायरच वापरावी. त्यात कमीपणा काही नाही. तसंही घरातल्या सगळ्यांच्या फोनना वायरलेसची सोय असेलच असं नाही, स्वस्त फोनमध्ये ती बहुधा नसते. म्हणून स्टँडशेजारी सी-टाइपची एकच, हातभर लांबीची वायर ठेव. आता आयफोनलाही 2023 पासून तीच पिन आली आहे, त्यामुळे पाच जणांच्या पाच वायरींचा गुंता करायची गरज उरली नाही.

आता जागा. तुझ्या नकाशात दारालगत, फ्रिजच्या अलीकडे, ओट्याचं जे टोक तू चहाच्या कपांसाठी ठेवलं आहेस, ते मला योग्य वाटतं. शेगडीपासून तिथे दोन हातांहून जास्त अंतर आहे, सिंकपासून त्याहून जास्त, आणि चिमणीखालचा तेलकट थर तिथवर फारसा येणार नाही. फ्रिजच्या बाजूला चिकटून मात्र नको, मध्ये वीतभर जागा सोड. भिंतीला वीतभर रुंदीची एक फळी, तिच्यावर वीतभर उंचीला 6 अॅम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्याला स्वतःचं बटण. दुसऱ्या कशाला त्यात वाटेकरी करू नको, चहाच्या किटलीला तर नाहीच. त्याच भिंतीत 16 अॅम्पिअरचाही एक पॉइंट काढून ठेव. ‘ची’ ठरवणाऱ्या त्याच संस्थेने ‘की’ नावाचं दुसरं मानक आणलं आहे. त्यात मिक्सर, किटली अशी उपकरणं 2200 वॅटपर्यंत वायरशिवाय चालतात. उद्या घ्यावंसं वाटलं तर भिंत फोडावी लागणार नाही.

टाइल्स बसायच्या आत वायरमनला बोलावून घे आणि स्वतः उभी राहून त्या भिंतीवर खडूने चौकोन काढून दे. एकदा टाइल बसली की तो पॉइंट पुन्हा मिक्सरच्या बोर्डातूनच ओढावा लागेल. जावईबापूंना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी